शाही गाडीची मावशी

मावशी पाहुण्यांना ओवाळता ओवाळता त्यांची बिनपाण्यानं करायची, आणि पाहुणे हात जोडून उभे राहायचे. ‘ह्यो बघ. तोंडावरची माशी हलंना. बायकोशी भांडून आलाय,’ असं म्हणत ती एखाद्या सहा फुटी पाहुण्याच्या कपाळाला कुंकू लावायची, वर अक्षता चिकटवायची, निरांजनाचं ताट तीनदा फिरवायची आणि तोंडभर हसायची. पाहुण्याला वाटायचं, काहीतरी मंत्र चाललाय. तो माझ्याकडे वळून अर्थ विचारायचा. मी इंग्रजीत सांगायचे, ‘आजी तुम्हाला दीर्घायुष्य चिंतते आहे.’ मागे त्याची बायको गाल फुगवून उभी असायचीच. मावशीचं सहसा चुकत नसे.

शाही गाडी म्हणजे मुंबईहून सुटणारं, रुळांवरून चालणारं पंचतारांकित हॉटेल. वेरूळ-अजिंठ्याची लेणी, ताडोबाचं जंगल, मग आमचं कोल्हापूर, मग गोवा. पाहुणे बहुतेक परदेशातले, नोकरीतून निवृत्त झालेले आणि गुडघ्यांनी त्रासलेले. आमच्या स्टेशनात रूळच संपतात, त्यामुळे सकाळी आलेली गाडी दिवसभर फलाटाला टेकून पडायची. मी इथली गाइड. राजवाडा, अंबाबाईचं देऊळ, तालीम, चपलांची गल्ली हे सगळं दाखवायचं आणि संध्याकाळी माणसं मोजून गाडीत बसवायची, हे माझं काम. त्याआधी फलाटावर तुतारी, हार आणि औक्षण. त्या औक्षणाला मावशी.

खरं तर तिला कुणी नेमलंच नव्हतं. ती स्टेशनाबाहेर हार-गजरे विकायची. स्वागताचा ठेका ज्या साहेबांकडे होता त्यांनी औक्षणाला नऊवारीतल्या दोन देखण्या मुली ठरवल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी त्या दोघी आल्या नाहीत. गाडी शिट्टी मारत आत शिरतेय, साहेब फोनवर ओरडतायत, आणि हार पोचवायला आलेली मावशी हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघतेय. ‘पावणं दारात आल्यात, आणि तुम्ही माणसं हुडकताय व्हय? आणा ते ताट हिकडं,’ असं म्हणून तिनं ताट ओढूनच घेतलं. ते पुढं कित्येक वर्षं सोडलं नाही.

तिची कामाची पद्धत पक्की होती. फलाटावर वारं कुठून येतं हे तिला स्टेशनमास्तरपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या बाजूला पाठ करून, पदराचा आडोसा धरून ती उभी राहायची, त्यामुळे निरांजन कधी विझलं नाही. साहेबांनी एकदा बॅटरीवरचे दिवे आणले, तेव्हा म्हणाली, ‘ह्येनं ओवाळायला मी काय वायरमन हाय?’ पाहुणा उंच असला की सरळ त्याचा कान धरून त्याला खाली ओढायची. ‘वाक की, घोड्या.’ पाहुण्यांना ती आमची प्राचीन परंपरा वाटायची. काहीजण तर कान पुढं करूनच उतरायचे. टकलू पाहुण्यापुढं मात्र ती क्षणभर थबकायची. कपाळ कुठं संपतं आणि डोकं कुठं सुरू होतं, हे ठरवायला तिला वेळ लागायचा.

ती प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारायची, ‘वाघ दिसला का?’ एवढे दोन शब्द... बरं, तीन, पाहुणेही शिकले होते. ताडोबात वाघ दिसलेली गाडी गलका करत उतरायची, न दिसलेली गाडी सुतकात असल्यासारखी उतरायची. मग मावशी त्यांची समजूत काढायची, ‘त्येच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या घरात हाय की एक.’ हा वाघ म्हणजे तिचा नवरा. टेम्पो चालवून निवृत्त झालेला, पाय दुखतात म्हणून दिवसभर कॉटवर बसून चहासाठी डरकाळ्या फोडणारा. कधी ती तेलाची बाटली घरी विसरली की तो लंगडत स्टेशनवर घेऊन यायचा. मग मावशी त्याला पाहुण्यांपुढं उभं करायची, ‘हे बघा आमचं वाघ. ताडोबाचं न्हवं, टेंबलाई नाक्याचं!’ पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढायचे आणि तो मिशांना पीळ भरून चक्क गुरगुरायचा. तो गेल्यावर मावशी पुटपुटायची, ‘जीव घेतोय मेला, पण रुबाब बघा.’

आता माझं एक पाप सांगते. एकदा गाडीतून निळ्या टोपीची एक काटकुळी बाई एकटीच उतरली. मावशीनं कुंकू लावताच ती ढसाढसा रडायला लागली. मला म्हणाली, तिचा नवरा आठ महिन्यांपूर्वी वारला, हा प्रवास त्याच्या मनात होता, म्हणून ती एकटी आली. मावशीनं विचारलं, ‘काय झालं गं, मास्तरीण?’ मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण इंग्रजी बोलते म्हणून तिच्या लेखी मी मास्तरीण. मी म्हणाले, ‘डोळ्यात धूर गेला.’ कारण खरं सांगितलं असतं तर मावशीच्या हातून ताटच पडलं असतं, असं मला वाटलं. हे मी माझ्या घरात बघत होते. माझी आई शाळेत मराठी शिकवायची, भाषणं ठोकायची, पण बाबा गेल्यापासून हळदीकुंकू असलं की आतल्या खोलीत जाऊन बसायची. माझ्या वाढदिवसाला ओवाळायलासुद्धा शेजारच्या काकूंना बोलवायची. तर तेव्हापासून मी असल्या सगळ्या बायकांचा धूरच केला. ती टोपीवाली पुढच्या वर्षी पुन्हा आली, यावेळी एका गुबगुबीत गृहस्थाचा हात धरून. मावशीनं तिला लगेच ओळखलं. ‘मागल्या टायमाला ह्यो कुठं हुता?’ मी म्हणाले, ‘आजारी होता.’

मग एका हंगामाच्या सुरुवातीला मावशीचा वाघ गेला. सकाळी चहा मागितला, तिनं चहा आणेपर्यंत मान कलंडली होती.

दिवसकार्य झालं, पुढच्या गाडीची तारीख जवळ आली, आणि साहेबांनी मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, तुमचं ऐकतात त्या. जरा समजावून सांगा. ताट आता मुली धरतील. मावशींना म्हणावं, मागं बसून वाती वळून द्या. माझं काही नाही हो, पण शुभकार्य आहे, लोक काय म्हणतील?’ लोक म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ‘बघते,’ म्हणाले आणि शेपूट घालून मावशीच्या घरी गेले.

मला वाटलं होतं, मावशी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. ती भिंतीला टेकून बसली होती. हात मोकळे, कपाळ मोकळं; कुंकवाच्या जागी तेवढी एक गोल फिकी खूण. जावा-नणंदांनी बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, आणि कुणाचंही ऐकून न घेणारी ही बाई तेव्हा गप्प बसली होती. मी उगाच हवापाण्याचं बोलायला लागले तर म्हणाली, ‘साहेबानं धाडलंय न्हवं तुला? बरुबर हाय त्येचं. मला बी तसंच वाटतंय. ह्या हातानं लावलं आन् कुणाचं वाईट झालं म्हंजे? लांबनं येत्यात बिचारी.’

मला भयंकर राग आला. साहेबांचा आला, जावांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मला आला. मी म्हणाले, ‘मावशी, ती निळ्या टोपीची बाई आठवते?’

‘धूर गेलता ती?’

‘धूर नव्हता गेला. नवरा गेला होता तिचा.’

मावशी ताठ बसली. ‘आन् मी तिला कुंकू लावलं?’

‘लावलंस. आणि तिच्यासारख्या प्रत्येक गाडीत असतात. निम्म्या तरी असतील. नवऱ्याला पोचवून मगच जग बघायला निघतात त्या.’

‘आन् तू मला आज सांगतीस व्हय गं, भवाने!’ तिनं शेजारची चप्पल उचलली. मी हात आडवा केला. चप्पल काही आली नाही. ती खाली ठेवून तिनं विचारलं, ‘मग त्यास्नी काय झालं का? वाईटबिईट?’

‘काही नाही. ती टोपीवाली तर दुसऱ्या वर्षी नवा नवरा घेऊन आली. बघितलास की तू.’

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्या पोटातून हसू वर आलं. ‘आत्ता गं बया! म्हंजे माझं कुंकू लागू पडलं की!’ ती खोकला येईपर्यंत हसली आणि मग तोंडाला पदर लावून तेवढंच रडली. मी निघताना तिनं सहज विचारलं, ‘तुझी आई लावती का गं कुणाला?’ मी नाही म्हणाले. ‘का?’ म्हणाली. मी चपला पायात सरकवून वाटेला लागले.

गाडीच्या दिवशी त्या दोन मुली वेळेवर आल्या होत्या, नेमक्या. साहेब स्वतः हजर. गाडी लागली, दारं उघडली, पाहुणे रांगेनं उतरून उभे राहिले. तेवढ्यात मावशी आली. कपाळ मोकळं, पण हातातल्या ताटात कुंकवाची कोयरी भरलेली.

साहेब दात-ओठ खात, पण हळू आवाजात म्हणाले, ‘मावशी, मागं बसायचं ठरलंय ना?’

‘बसते की. त्यात काय!’ मावशीला हळू बोलता येत नसे. ‘पण अपशकुन नको म्हंतासा, तर सगळंच नीट करा. पोरींना म्हणावं, सवाष्णींनाच तेवढं कुंकू लावा. ह्यातल्या सवाष्णी येगळ्या काढा बघू. काढा की, साहेब! तोंडाकडं बघून काढा.’

साहेबांनी रांगेकडं बघितलं. गुलाबी, सुरकुतलेले, उन्हाची मलमं लावलेले चेहरे त्यांच्याकडं बघून प्रेमानं हसले.

‘न्हाय वळखत? मास्तरीण, तू इंग्रजीतनं इचार गं. म्हणावं, ज्येंचं ज्येंचं दादलं मेल्यात त्येंनी हात वर करा.’

साहेब माझ्याकडं बघून हसले. ही काही विचारणार नाही, याची त्यांना खात्री होती. मलाही होती. पण तो ‘का?’ माझ्या डोक्यात आठवडाभर बसून होता. मी टाळी वाजवली आणि मोठ्यानं इंग्रजीत सुरुवात केली, ‘मंडळी, आपल्याला एक छोटासा प्रश्न विचारायचा आहे. थोडा खासगी आहे...’ पाहुण्यांनी कान टवकारले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘मॅडम! अहो मॅडम, राहू दे! लावा मावशी, लावा! सगळ्यांना लावा!’ मी पाहुण्यांना विचारलं, ‘स्वागतानंतर चहा घेणार की कॉफी?’ आणि मागून आवाज आला, ‘वाक की, घोड्या.’

त्या दिवशीच्या गाडीला वाघ दिसला नव्हता. मावशीनं नेहमीप्रमाणे विचारलं तेव्हा एका पांढऱ्या केसांच्या आजीबाईनं मान हलवली. ‘मला बी न्हाय दिसत आता,’ मावशी म्हणाली आणि अक्षता लावत राहिली. आजीबाईनं माझ्याकडे वळून अर्थ विचारला. मी पहिल्यांदाच खरा सांगितला. आजीबाईनं मावशीचं मनगट धरलं आणि रांग खोळंबली तरी सोडलं नाही.

पुढच्या वर्षी मला गाडीवरच पूर्ण प्रवासाची गाइड म्हणून काम मिळालं. पहिल्या खेपेला मला संध्याकाळी कोल्हापुरातूनच गाडीत चढायचं होतं, म्हणून आई स्टेशनवर पोचवायला आली. मला वाटलं, मावशी मला ओवाळील. तिनं ताट आईपुढं धरलं. ‘घ्या, बाई.’

‘अहो, मी... मला चालत नाही,’ आई म्हणाली.

‘कोण म्हंतंय?’

जन्मभर पोरांना प्रश्न विचारत आलेली माझी आई उत्तरासाठी माझ्याकडं बघायला लागली.

‘पोरगी तुमची, ताट माझं. पट्दिशी ओवाळा, बाई. गाडी काय तुमच्या बापाची न्हाय!’

माझ्या आईशी या भाषेत आजवर कुणी बोललं नव्हतं. तिनं ताट घेतलं. तिची सवय इतकी मोडली होती, की कुंकू कपाळावरून माझ्या नाकावर आलं. मावशी वाऱ्याच्या बाजूला पदर पसरून उभी राहिली. आईनं मला बारा वर्षांनी ओवाळलं, आणि मी गाडीच्या कडक इस्त्रीच्या गणवेशात, सगळ्या पाहुण्यांसमोर, भोकाड पसरलं. गाडी हलली तशी मावशी ओरडली, ‘वाघ दिसला तर मिशा बघ गं! आमच्या ह्यांच्यावाणी असल्या तर माझा निरोप सांग!’ मला पहिला वाघ दिसला त्या दिवशी मी तिला फोन केला. तिनं मिशांचं वर्णन तीनदा सांगायला लावलं आणि म्हणाली, ‘न्हवं, आमचं न्हवं ते.’

गेल्या वर्षी मावशी गेली. हंगाम संपल्यावर गेली, म्हणजे एकाही गाडीची खोटी केली नाही. मी तेव्हा मुंबईत होते, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचं ते ताट तिच्या सुनेनं माझ्या आईकडं आणून दिलं. ‘आत्यांनी बाईंना द्या म्हणून सांगितलंतं,’ एवढंच ती म्हणाली.

परवा गाडी कोल्हापूरला लागली. मी दारात उभी राहून पाहुण्यांचा हात धरून एकेकाला उतरवत होते. समोर फलाटावर वाऱ्याकडं पाठ करून आई उभी होती. कपाळ मोकळं, हातात ताट. पहिला पाहुणा पुढं झाला, आपण होऊन वाकला. आईनं त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट तीनदा फिरवलं, आणि हसत हसत, अगदी शुद्ध मराठीत हळूच म्हणाली, ‘हे गृहस्थ पत्नीशी भांडून आलेले दिसतात.’

पाहुण्यानं हात जोडले आणि माझ्याकडे वळून अर्थ विचारला. त्याच्या मागं त्याची बायको गाल फुगवून उभी होती.

‘आई तुम्हाला दीर्घायुष्य चिंतते आहे,’ मी म्हणाले.