एका इंजिनावर

आमची मेघना सहवैमानिक असलेल्या विमानातून आम्ही दोघं पहिल्यांदाच आलो. विमान उतरलं, धावपट्टी सोडून हळूहळू इमारतीकडे निघालं, तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या ह्यांनी माझा हात धरला. "इकडचं इंजिन बंद पडलंय," ते हलक्या आवाजात म्हणाले. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, कान कसा चुकेल?

मेघना दारात निरोप द्यायला उभी होती. ह्यांनी तिला पहिलं तेच विचारलं.

"बंद पडलं नाही, बाबा, आम्हीच केलं. जमिनीवर एकावर भागतं. तेवढंच इंधन कमी जळतं, धूर कमी होतो."

एवढ्या मोठ्या आभाळाला त्या चार मिनिटांचं काय, असं मला वाटून गेलं. पण रेल्वेचं फाटक लागलं की हेही गाडी बंद करायचे. "पुन्हा चालू नाही झाली तर?" म्हणून प्रवासी कुरकुरायचे, आणि हे शांतपणे फाटक उघडायची वाट बघायचे. कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

मागे माणसं खोळंबली होती. ह्यांनी लेकीच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरून हात फिरवला.

"ड्रायव्हर झालीस खरी," ते म्हणाले.