मी चिखल टाकला अन् दगड ठेवले

मागच्या रविवारी पालमला आमच्या घरी सकाळी सकाळी लय राडा झाला. चिखलावरून. हसायचं तर हसा, पण त्या चिखलापायी माझी पोरगी तासभर माझ्याशी बोलली नाही.

थोरली प्रज्ञा दगडांवर पीएचडी करायलीय. मी चौथीपर्यंत गेलेली, त्यात काय असतं ते मला विचारू नका. कुणी विचारलंच तर मी सांगते, "दगड गोळा करती." मग पुढं कुणी काही विचारत नाही...

ती लडाखहून आली होती. तिथल्या डोंगरात हिंडून दगड आणले, अन् परत संस्थेत जायच्या आधी चार दिवस घरी थांबणार होती. बॅग एवढी जड की खांद्यावर वळ उठलेले. आली ती आडवीच झाली.

मी बॅग उघडली. आपण चपात्या गुंडाळतो त्या चकचकीत कागदात तीन मोठाले गोळे होते, वरून इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. एक सोडून बघितला तर निम्मा चिखलच! काळपट हिरवा, वाळलेला, पापुद्रे सुटलेला... अन् त्यात मधे मधे दगड रुतलेले. डोकंच फिरलं माझं. एवढ्या लांबून पोरगी चिखल वाहून आणती होय? म्हणलं, जाताना तरी ओझं कमी होऊ दे.

घमेल्यात पाणी घेतलं अन् गोळा भिजत घातला. चहा होईस्तोवर सगळा विरघळला. मग ब्रशनं एकेक दगड घासला. काय छान निघाले! एक तर हिरवागार, हाताला तेलकट लागणारा. फडक्यावर वाळत टाकले अन् गढूळ पाणी कढीपत्त्याला ओतलं.

प्रज्ञा उठून आली, फडक्याकडं बघितलं. मला वाटलं खुश होईल.

"आई, माती कुठंय?"

"टाकली."

"कुठं टाकलीस?"

"कढीपत्त्याला. वाया कशाला घालू?"

ती मटकन खालीच बसली. रडली पण नाही. मी पळत जाऊन झाडाखालचा गाळ चमच्यानं खरवडला, वाटीत आणून पुढं ठेवला. "हे घे की मग!" तिनं वाटीत बघितलं. म्हणाली, "यात आता आपल्या अंगणातली माती मिसळली, आई." अन् गप झाली ती झालीच.

शेवटी मीच चिडले. म्हणलं, हात लावायचा नव्हता तर मराठीत लिहायला काय झालं होतं? अन् दगड तर सगळे हायेत, चिखलासाठी एवढं तोंड पाडून कशाला बसायलीस?

तेव्हा बोलली. "पोह्यातले शेंगदाणे वेचून ठेवलेस अन् पोहे फेकून दिलेस. आता सांग बरं, पोह्यात शेंगदाणे किती होते? एकमेकाला लागून होते का लांब लांब?"



पुढं तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. लडाखच्या जागी फार फार पूर्वी समुद्र होता. त्याचा तळ हळूहळू शेजारच्या जमिनीखाली घुसत गेला. जाताना वरचा गाळ, खालचे दगड, सगळं ओढून नेलं. खाली खोल दाबात ते सगळं एकमेकात कालवलं गेलं. मऊ चिखल अन् त्यात कडक दगडांचे तुकडे. त्यातलं थोडंसं पुढं डोंगराबरोबर वर आलं... तेच मी कढीपत्त्याला घातलं.

जगात कितीतरी समुद्रांखाली हे आजपण चालूच आहे म्हणे. जिथं सगळा भार चिखलावर असतो, तिथं जमीन गपचूप सरकत राहते, वर कुणाला कळत पण नाही. जिथं दगड जास्त, तिथं दगडाला दगड अडकतो. अडकून बसतो... अन् एकदम सुटतो. मग भूकंप.

मी आजवर कडक ते चांगलं अन् मऊ ते कच्चं, असंच धरून चालले होते. म्हणलं, "म्हणजे चिखल हाय म्हणून लोक वाचतात का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तेच तर शोधायलेय. कुठं किती चिखल, कुठं किती दगड. म्हणून तर ती माती पाहिजे होती गं."

अन् तिथला रस्ता आता बर्फानं बंद. पुढच्या उन्हाळ्यात जाता येईल, पण तिच्या पीएचडीच्या सरांना हे कळलं तर ते नेतील का, ह्याच धास्तीनं ती फोन लावेना. माझ्याच्यानं असलं बघवत नाही. म्हणलं, लाव फोन, मी बोलते.

सर हिंदीवाले. मी सरळ सांगितलं, "साब, वो चिखल मैंने फेका. पोरगी सोई हुई थी. उसको कुछ बोलना नै."

सरांनी विचारलं, "कितने बचे हैं?"

"दो."

"उनको हाथ मत लगाइए."

"नै लगाती."

मग फोन तिनं घेतला अन् बराच वेळ बोलणी खाल्ली. सँपल नजरेआड ठेवलंच कसं, म्हणून. पण शेवटी सर म्हणाले, धुतलेले दगड पण घेऊन ये. दगड किती खोल जाऊन आला ते त्याच्या पोटातून कळतं. चिखलाचं काम उरलेल्या दोन गोळ्यांवर करू. अन् पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत तिचं नाव आहे तसंच ठेवलं. त्या माणसाचे उपकार आहेत, तोंड नाही बघितलं तरी.

बुधवारी तिला रेल्वेला सोडायला परभणीला गेले. एसटीत कंडक्टर म्हणाला, मावशी, पिशवी वर टाका. मी नाही टाकली. दोन्ही गोळे पदरात घेऊन मांडीवर धरले. पोरगी हसायली, "आई, ठेव की वर, काही होत नाही." म्हणलं, तू गप बस.

शेजारच्या बाईला राहवेना. "काय हाय वो बाई? काचंचं सामान हाय का?"

म्हणलं, "चिखल हाय. जरा सरकून बसा."