लोण्याने चिकटवलेला मणी

आमच्या ह्यांचं विज्ञानावर इतकं प्रेम, की माझ्या स्वयंपाकघरात एकसारखे दोन चमचे उरलेले नाहीत. स्टीलचा, लाकडाचा, प्लॅस्टिकचा, जो हाताला लागेल तो शाळेत जातो. तिथे गरम पाण्याच्या पेल्यात तिन्ही चमचे उभे करायचे, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला लोण्याने एकेक मणी चिकटवायचा आणि वाट बघायची. स्टीलमधून उष्णता भराभर वर चढते, लोणी वितळतं, तो मणी आधी पडतो. "डोळ्यांनी बघा, मग बोला," हे ह्यांचं ठेवणीतलं वाक्य. वर्गात पोरांना, घरात मला.

इतकी वर्षं शिकवूनही नोकरी मात्र कच्चीच. यंदा तपासणीला साहेब येणार होते, त्यांचा शेरा चांगला पडला तर ती पक्की होणार होती. मग काय, ह्यांनी आठवडाभर वर्गाकडून रंगीत तालीम करून घेतली. कोणता मणी आधी पडला? स्टीलचा. का? धातूतून उष्णता लवकर जाते म्हणून. पोरं झोपेतही सांगतील अशी तयारी. आमची लेक त्याच वर्गात, तिचंही पाठांतर चोख होतं.

त्या दिवशी ऐनवेळी धांदल नको म्हणून ह्यांनी पेला आधीच भरून ठेवला. साहेब मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत चहाला बसले आणि गप्पा रंगल्या. गरम वस्तू ठेवली की गार होते, हे जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला नेमकं तेवढंच आठवलं नाही. अखेर साहेब वर्गात आले, चमचे पेल्यात गेले, सगळे ताटकळत बसले. मणी काही जागचे हलेनात.

"कोणता आधी पडला?" साहेबांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं.

"स्टीलचा," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

आमची लेक तेवढी उभी राहिली. "एकही पडला नाही. पाणी गार झालंय, सर."

ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "हिचं लक्ष नव्हतं," म्हणाले. "बस खाली."

शेरा पडला 'उत्कृष्ट'. नोकरी पक्की झाल्यात जमा. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. हे मिठाई घेऊन घरी आले, पण लेकीने तिला हात लावला नाही.

"बाबा, तू बघितलं होतंस ना?" एवढंच तिने विचारलं. ह्यांनी मिठाईचा खोका माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी स्वतः पाणी उकळलं. ओट्यावर पेला मांडला, चमचे लावले, मणी चिकटवले आणि तिला समोर उभं केलं. पाणी असं कढत, की ह्यांचा चष्मा वाफेने धुरकटला. थोड्याच वेळात स्टीलच्या चमच्यावरचा मणी टपकन पडला आणि घरंगळत सिंकमध्ये गेला. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मलाच गलबलून आलं.

"आता सांग बरं, कोणता पडला?"

ती चमच्यांकडे बघतही नव्हती.

"तुम्ही म्हणाल तो, सर."