सूचक म्हणून माझं नाव

पहिल्यांदा ग्रामपंचायतीत निवडून आले तेव्हा मला सही येत नव्हती. आमचा वॉर्ड बायांसाठी राखीव निघाला, घरातल्या पुरुषांनी ओट्यावर बसून ठरवलं, आणि मी भाकरी थापत होते तिथं येऊन सांगितलं, उद्या दोंडाईच्याला फोटो काढायला चला. गेले. फोटोत माझ्या कपाळाला पीठ लागलेलं होतं, ते तसंच मतदारांच्या घराघरात पोचलं. आले निवडून.

तेव्हा मी अंगठा द्यायची. दर वेळी विचारायची, "भाऊ, हे कशावर ठेवतेय मी?" ग्रामसेवक वाचून दाखवायचे, वैतागून का होईना. मग मला लाज वाटायला लागली. बियाण्याच्या पिशव्यांवरून, एसटीच्या पाट्यांवरून एकेक अक्षर लावत गेले. कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा माझी स्वतःची सही होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी असलेली. गल्लीतले लोक आपापले कागद वाचून घ्यायला माझ्याकडे यायला लागले. बँकेचा, तलाठ्याचा, सोयरिकीचा. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचायची.

त्या लोकांत पाणीवाली होती. आमच्या मागच्या गल्लीतली. नवरा गावाचं पाणी सोडायचा, तो गेला तशी ही सोडायला लागली, आणि पंचायतीनंही तिला ठेवून घेतलं. खांद्यावर व्हॉल्व्हची ती लोखंडी चावी, कुदळीएवढी लांब, आणि तोंडानं आरोळी, "वरली गल्ली, भरा वं बायाहोन!" चार दिवसांनी एकदा पाणी यायचं, पण कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाकडे बाळंतीण आहे, हे तिला ठाऊक. तिथं ती चावी थोडी उशिरानं फिरवायची. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. ते काम, आणि ती आरोळी.

आता आमच्याकडची रीत सांगते. पंचायतीची सभा महिन्याला व्हायला हवी, सगळ्यांनी बसून. पण कापूस वेचणीच्या दिवसांत कोण येतंय? मग वही घरोघर फिरते. ग्रामसेवक मोटारसायकलवर येतात (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात जुनंच येतं), खुर्चीवर बसतात, चहा घेतात. वहीचं पान कोरं असतं. खाली सह्या करायच्या, वर ठराव ते नंतर सवडीनं लिहितात. सगळेच करायचे. त्यात कुणाला वाईट काही दिसायचं नाही. मलाही नाही.

त्या दिवशी मी शेतातून नुकतीच आले होते. "वर काय येणार, भाऊ?" असं विचारलं का मी? आठवून आठवून बघते. नाही विचारलं. ते म्हणाले, "दिवाबत्ती, गटारी, नेहमीचंच, अक्का." मी लांब शेपटी ओढली.

पंधराएक दिवसांनी सकाळी पाणीवाली आली. चावी नव्हती खांद्यावर. हातात कागद होता.

"अक्का, हाई वाच बरं. पंचायतमझार्‌ना कागद शे."

मी चष्मा लावला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागले. नवी नळयोजना आली आहे. मोटार मोबाईलवरून चालू-बंद होते. व्हॉल्व्ह ठेकेदाराचा माणूस बघेल. सबब पाणी सोडण्याच्या कामावरील बाईंना कमी करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक...

तिथं मी थांबले. ठरावाखाली दोन नावं असतात. ज्यानं तो मांडला तो सूचक, ज्यानं दुजोरा दिला तो अनुमोदक.

"वाच ना," ती म्हणाली.

सूचकापुढं माझं नाव होतं. आडनावासकट. मी ते वाचलं. गिळता आलं असतं, तिला कुठं वाचता येतं? पण जिभेनं वाचून टाकलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुनी सही शे का?"

"मनीच शे. पण कागद कोरा व्हता."

"बरं," ती म्हणाली. कागदाची घडी घातली, पोलक्यात ठेवली आणि गेली. चहा चुलीवर उकळत होता. मी तो उतरवला, गाळला, एकटीनं प्यायले. रडू वगैरे काही आलं नाही. आजही येत नाही, त्याचंच नवल वाटतं.

मी ग्रामसेवकांना गाठलं. ते म्हणाले, "अक्का, बाईच्या कामाचा ठराव, तर सूचक बाईच बरी दिसते. आबांनीच सांगितलं." आबा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. खुर्ची बाईंची, बसायचे ते. मी तालुक्याला गेले, तर तिथल्या साहेबांनी एवढंच विचारलं, "सही तुमची आहे ना?" आहे म्हटलं. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

पुढच्या महिन्यात मी हट्टानं सभा भरवायला लावली. वही फिरवायची नाही म्हटलं. सगळे सदस्य आले, सतरंजीवर बसले. मी उभी राहून म्हणाले, मागचा ठराव रद्द करा, ती सही मी कोऱ्या पानावर केली होती.

आबा हसले. "अक्का, तुम्ही तर शिकलेल्या! अंगठा होता तेच बरं होतं. तेव्हा निदान विचारायच्या तरी."

सगळे हसले. मीही थोडी हसले असेन, तोंडाची सवय.

"लिहा," मी ग्रामसेवकांना म्हटलं. त्यांनी लिहिलं. सूचकापुढं माझं नाव आलं, या वेळी माझ्या तोंडानं. मग पेन वर धरून त्यांनी विचारलं, "अनुमोदक?"

एक जण पायाचं नख बघत होता. दोघी बाया पदर सारखा करत होत्या. मला राग आला नाही त्यांचा. त्या कोऱ्या पानावर त्यांच्याही सह्या होत्याच. ग्रामसेवकांनी दोनदा विचारलं आणि टोपण लावलं. अनुमोदकाची जागा तशीच राहिली, ठराव पडला. मी पूर्ण पान वाचून खाली सही केली.

पाणीवाली आता दोंडाईच्याला जिनिंगमध्ये कापसावर जाते. गावात पाणी येतं, मोबाईलवर. आरोळी नसते, म्हणून कधी येतं ते कळत नाही, नळ नुसता सूं-सूं वाजतो. मी हंडे भरते.

गेल्या महिन्यात ती विधवा पेन्शनचा कागद घेऊन आली. गावात आणखी दोघं-तिघं वाचणारे आहेत, तरी माझ्याकडेच. मला वाटलं, विसरली. मी कागद उलटसुलट बघितला आणि शाईचा डबा पुढं केला, "आठे अंगठा दे."

तिनं हात मागं घेतला, पदराखाली.

"पयले वाच," ती म्हणाली. "बठ्ठं. मंग देसू."

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचायला लागले.