दहा खड्ड्यांची एकच पिशवी

मावशी भडकल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. अकरा वर्षं बरोबर काम करूनही साहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं.

बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीत किती विष मुरलंय ते तपासणाऱ्या कंपनीत मावशी माती काढायच्या. जमिनीत गिरमिट फिरवायचं, माती पिशवीत भरायची, प्रयोगशाळेला पाठवायची. त्याआधी त्या शेतीखात्यात हेच करत. तिथली रीत अशी, की शेतात दहा ठिकाणची माती घ्यायची, घमेल्यात कालवायची आणि त्यातली मूठभर पाठवायची. हाताला बसलेली तीच रीत त्या इथे घेऊन आल्या. कुणी हटकलं नाही.

त्या सकाळी प्रयोगशाळेत नव्यानं लागलेल्या मुलीचा फोन आला. "मावशी, मिसळता कशाला हो? खत किती घालायचं ते बघायला ठीक आहे. पण विष एखाद्याच कोपऱ्यात असतं. नऊ ठिकाणच्या चांगल्या मातीत ते झाकून जातं."

मावशींना एक जागा आठवली. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याची जागा त्यांनी अशीच तपासली होती. 'सुरक्षित' असा अहवाल गेला, घरं उभी राहिली आणि तळमजल्यावर त्यांची लेकच राहायला आली. दीड वर्षाची नात अंगणातली माती खाते, हे लेक हसत हसत सांगायची.

त्या तडक साहेबांच्या टेबलाशी गेल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"मावशी, बसा आधी. पाणी घ्या."

"माहीत होतं का?"

साहेब पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिले. "तुमचीच पद्धत होती ती. आणि सरासरी मर्यादेत बसत होती."

"नऊ ताटं घासलेली, एक खरकटं. सरासरी काढून त्या दहाव्यात जेवाल?" मावशी अगदी हळू बोलल्या. "मला कळत नव्हतं, साहेब. तुम्हाला कळत होतं. माझं अडाणीपण तुमच्या पथ्यावर पडलं."

"ती फाइल बंद झालीय. लोकांना उगाच घाबरवू नका. नोकरीचा तरी विचार करा."

"केला."

गोदामातून गिरमिट उचलून त्या निघाल्या. कुणाला विचारलं नाही. तासाभरानं लेकीच्या अंगणात त्यांचा चौथा खड्डा चालू होता. प्रत्येकाची पिशवी वेगळी, प्रत्येकीवर आकडा.

"काय मावशी, झाडं लावताय वाटतं?" वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं.

"खाली या, सांगते. पोरांना मात्र वरच ठेवा."

लेक नातीला कडेवर घेऊन दारात आली. "आई, लोक बघतायत!"

"बघू देत. तिचे हात धू. नखांतली माती काढ. उद्या तिचं रक्त तपासायला न्यायचंय."

लेकीचा चेहरा उतरला. "पण तूच म्हणाली होतीस ना, जागा चांगली आहे म्हणून?"

गिरमिट थांबलं.

"हो," मावशी म्हणाल्या. "मीच."

आणि त्यांनी पाचव्या खड्ड्यासाठी भिंतीलगतची जागा धरली.