छाप येईपर्यंत टाळ थांबले नाहीत

आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. त्याला छाप म्हणतात. छाप आली की टाळकरी लय चढवतात आणि मगच गाणं संपतं. मी गाणी लिहायला लागलो तेव्हा हाच शिरस्ता धरला. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत मी पिशव्या भरतो आणि यंत्राच्या ठेक्यावर कडवी जुळवतो. यंत्र दाद देत नाही, पण ताल सोडत नाही.

माझं एक गाणं मोबाईलवरच्या एका चॅनलवाल्याला पसंत पडलं. पोलीस भरतीत निवड झालेली मुलगी गावी येते आणि बाप भजनी मंडळ घेऊन तिला वेशीवर आणायला जातो, असं ते गाणं. दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर छापेचं कडवंच गायब!

"तीन मिनिटांच्या वर कोणी बघत न्हाई," चॅनलवाला म्हणाला. "नाव पडद्यावर लिहू ना तुमचं."

लिहिलेलं नाव माझ्या आईला काय कामाचं? तिला वाचता येत नाही. जन्मभर तिने भजनातून दुसऱ्यांची नावं ऐकली, एकदा पोराचं ऐकावं, एवढीच माझी हाव होती. पण जास्त ताणलं तर गाणंच हातचं जाईल, म्हणून दात-ओठ खात मान डोलावली.

शूटिंग पिंपळगाव रेणुकाईला होतं. मी नुसता बघायला गेलो होतो. बापाचं काम करणारा नट आलाच नाही. शब्द तोंडपाठ असलेला तिथे मी एकटाच, तेव्हा कुणाचं तरी धोतर मला गुंडाळलं आणि डोक्याला फेटा बांधला. स्पीकरवर गाणं वाजणार, मी फक्त ओठ हलवायचे. मागे गावातलं खरंखुरं भजनी मंडळ उभं होतं.

काम झकास चाललं. तीन मिनिटांनी स्पीकर थांबला, चॅनलवाला "कट" म्हणाला, पण टाळ थांबेनात. तो हातवारे करतोय, मंडळी वाजवतच आहेत आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मृदंगावरचे म्हातारबाबा वाजवता वाजवता मला दटावून म्हणाले, "छाप कुठंय? छाप घ्या, मंग थांबू."

मग मी कशाला ऐकतोय कुणाचं! खुल्या गळ्याने ते कापलेलं कडवं माझ्या नावासकट म्हटलं. आवाज माझा काही गोड नाही. पण टाळ असे चढले की पोलिसाच्या वेशातली ती मुलगी खरंच रडली. कॅमेरावाल्याने कॅमेरा चालूच ठेवला होता, देव त्याचं भलं करो. चॅनलवाल्याने तो तुकडा दोनदा पाहिला आणि तसाच ठेवला.

त्यानंतर मला कामं येऊ लागली. कधी बाप, कधी सरपंच, एकदा तर चक्क दारुडा. मंठ्याच्या बाजारात लोक हाक मारतात, मलाही आवडतं.

पण गाणं आलं त्या दिवसाची मजा वेगळीच. मोबाईल आईच्या हातात दिला. आधी ती धोतराच्या निऱ्यांवरून मला बोलली. तीन मिनिटांनंतरही तिने मान वर केली नाही. मग माझं नाव आलं. तिने मोबाईल हळूच खाली ठेवला.

"आता पुरं झालं बघ गाणं," ती म्हणाली.