हाताने फिरवायचे हब

आमच्या घरातून मोठ्या रस्त्याला लागायचं तर आधी चढ चढावा लागतो. घर जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या वरच्या डोंगरात, एका खोलगट जागेत आहे. बर्फ हटवणारी पालिकेची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंतच येते. खालची वाट ज्याची त्याने निस्तरायची. म्हणून आम्ही एका निवृत्त वनरक्षकाकडून जुनी पिकअप घेतली. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. बर्फात पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा तर चाकांच्या मधोमध बसवलेले हब लॉक व्हावे लागतात आणि मग आतला दांडा ओढावा लागतो.

आमच्या गाडीचे हब ऑटोमॅटिक होते. दांडा ओढला की आपोआप लॉक व्हायचे, म्हणजे व्हायला हवे होते. कडाक्याच्या थंडीत आतलं ग्रीस घट्ट व्हायचं आणि ते कधी लागायचे, कधी नाही. अडकलेली गाडी पुढे-मागे करून काढायला जावं, तर दिशा बदलताक्षणी सुटायचे. हिवाळ्याआधी बदलायचे ठरले तेव्हा मी हाताने फिरवायचे मागवले. चाकावर एक चकती असते, एका बाजूला ‘फ्री’, दुसऱ्या बाजूला ‘लॉक’. खाली उतरायचं, दोन्ही चाकांवरच्या चकत्या फिरवायच्या, की विषय संपला. नवऱ्याला नवे ऑटोमॅटिकच हवे होते. म्हणाला, तू लिफ्ट असलेल्या इमारतीतसुद्धा जिन्यानेच जाशील. मी म्हटलं, लिफ्ट बंद पडणारी असेल तर जाईनच.

डिसेंबरच्या मध्यावर माझे सासरे आले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी. इथे जमतंय का, पुढेही दरवर्षी हिवाळा आमच्याकडे काढता येईल का, हे बघायला. तसं कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या घरात ते एकटे पडले होते.

बाबांना एक सवय आहे. काम झालं की बंद करायचं. पुण्यात स्वयंपाक आटोपला की गॅसचा रेग्युलेटर तेच बंद करतात. झोपण्याआधी गिझर, इस्त्रीचं बटण, गच्चीवरचा नळ, सगळ्यावरून हात फिरतो. आमच्याकडे गॅसच नाही. मग त्यांनी हायट्सुंगचे, म्हणजे खोल्या गरम ठेवणाऱ्या हीटरचे, नॉब बंद करायला सुरुवात केली. मी सांगितलं, बाबा, या थंडीत पाइप गोठतील, त्याला हात लावू नका. त्यांनी लावला नाही. डिशवॉशरमध्ये ते भांडी लावत, मी ती काढून पुन्हा लावत असे. माझ्या पद्धतीने दीडपट मावतात. थोड्याच दिवसांत त्यांनी तेही सोडलं आणि खिडकीशी बसू लागले.

मी नवे हब बसवत होते तेव्हा ते कोट चढवून बाहेर आले. मी त्यांना चकती दाखवली. त्यांनी ती फिरवून बघितली, आतून खट्ट आवाज आला, त्यांना आवडला. जानेवारीत बर्फ बसला. मोसमभर लॉकवरच ठेवायचे, आतला दांडा हवा तेव्हा ओढायचा, हा माझा नियम. एका सकाळी मी दोन्ही चकत्या लॉक केल्या आणि विसरून गेले.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ड्रेस्डेनमधल्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. नवरा हॉल लावायला सकाळीच गेला होता. मी काळी साडी, त्याखाली बर्फाचे बूट. बाबा शेजारी, मांडीवर तिळगुळाचा डबा. लाडू त्यांनी स्वतः वळले होते. पाक जमतोय की नाही ते ताटलीत थेंब टाकून तीनतीनदा बघत होते. मुलगी मागे.

चढाच्या पायथ्याशी मी दांडा ओढला. डॅशबोर्डवरचा दिवा लागला. अर्ध्या चढावर मागची चाकं नुसती फिरायला लागली, गाडी तिरकी झाली आणि हळूहळू मागे सरकत कडेच्या चरात जाऊन बसली. कोणाला काही झालं नाही. बाबांनी डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मी उतरून बघितलं. दोन्ही चकत्या फ्रीवर. आतला दिवा फक्त दांडा ओढल्याचं सांगतो. चाक जोडलेलं आहे की नाही हे त्याला कळत नाही. चकत्या फिरवल्या, पण एक चाक अधांतरी होतं, आता उपयोग नव्हता. तोवर वरच्या गोठ्यातला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. तो साखळी लावत असताना बाबा खाली उतरले आणि म्हणाले, रोज संध्याकाळी मीच फ्री करून ठेवतो, राहिलं की काय काही?

मी म्हणाले, “बाबा, कळत नाही तर हात कशाला लावता प्रत्येक गोष्टीला?”

ओरडले नाही. त्याहून वाईट, मी काम करते त्या प्रयोगशाळेत शिकाऊ माणसाने नमुना सांडल्यावर बोलते तसं बोलले. शेतकऱ्याला मराठीचा एक शब्द येत नाही. पण त्याने हातातली साखळी पाहिली, मग आपले बूट पाहिले, आणि बाबांकडे पाहायचं टाळलं. त्याला सगळं समजलं होतं.

मुलीने खिडकीची काच खाली केली. तिला मराठी पूर्ण समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. ती म्हणाली की आजोबांना तूच सांगितलंस, बसवताना. साधा रस्ता असेल तर काम झालं की फ्री करायचं, नाहीतर उगाच झीज होते. मीही तिथे होते, असंही म्हणाली.

सांगितलं होतं. शब्दन् शब्द माझे होते. तेव्हा बर्फ नव्हता. बर्फ बसल्यावर नियम बदलला आणि तो मी फक्त स्वतःला सांगितला. घरात ज्याला हात लावू नका असं मी म्हटलं नव्हतं अशी ती एकच गोष्ट उरली होती, आणि ती ते रोज, अंधार पडायच्या आत, न चुकता करत होते.

गाडी वर निघाल्यावर बाबांनी डबा उघडला, शेतकऱ्याच्या तळहातावर दोन लाडू ठेवले आणि सवयीने म्हणाले, तिळगूळ घ्या, गोड बोला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

हळदीकुंकवात मी वाण वाटलं, हसले, सगळ्यांना लाडू कोणी केले ते सांगितलं. बाबा बायकांच्या कौतुकाला मान डोलवत होते. घरी आल्यावर नवऱ्याला मुलीकडून कळलं. तो लगेच ऑनलाइन ऑटोमॅटिक हबच बघायला लागला.

“बसवा ऑटोमॅटिकच, सूनबाई,” बाबा म्हणाले. “माणसाचा हात लागायला नको.” मग नवऱ्याकडे वळून, त्याच आवाजात, “आणि माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का तेही बघ.”

मी म्हटलं, बाबा, माझं चुकलं. ते म्हणाले, अगं, त्यात काय एवढं, आणि चष्मा पुसत बसले. क्षमा मागायला फार उशीर लागला नव्हता, पण ती जिथे मागायला हवी होती तिथे चर होता, ट्रॅक्टर होता आणि तो शेतकरी होता. स्वयंपाकघरात मागून ती निम्मीच झाली.

नवऱ्याला मी सांगितलं की हब हाताचेच राहतील. ग्रीस, थंडी, दिशा बदलणं, जुनी सगळी कारणं पुन्हा दिली. सगळी खरी होती आणि त्या दिवशी त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. ऑटोमॅटिक बसवले असते तर बाबांना करण्यासारखं काहीच उरलं नसतं. दुसऱ्या सकाळी मी त्यांना हाक मारली. उजवी चकती मी तपासते, डावी तुम्ही बघा, दोन्ही सारख्या लागतात. ते आले. हात पाठीमागे बांधून चाकाशी उभे राहिले. “कुठे ठेवायचं ते सांग आधी,” म्हणाले. मी सांगितलं. मगच हात पुढे आला.

तिकीट बदललं नाही. पुढच्या वर्षीचं मात्र ते काही बोलले नाहीत आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

मार्च उजाडला, बर्फ वितळला. मी घरून काम करत होते, कॉलवर होते. काचेवर टकटक झाली. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी हवेत चकती फिरवल्यासारखा हात केला. फिरवू का? मी होकारार्थी मान हलवली. ते तसेच उभे राहिले. पुन्हा हलवली. ते हलले नाहीत. शेवटी मी कॉल सोडला, चपला सरकवल्या, बाहेर गेले आणि मोठ्याने सांगितलं, “हो बाबा, आता फ्री करा.”

तेव्हा ते चाकाशी वाकले.